नसलेल्या खांबांच्या शोधात

इंग्लंडच्या उत्तरेकडे बऱ्याच डोंगरमाथ्यांवर काँक्रीटचा एक चौकोनी खांब असतो. खाली रुंद, वर निमुळता, साधारण चार फूट उंच. वर पोहोचलेला जो तो त्याला हात लावतो, त्याच्या डोक्यावर थर्मास ठेवतो, फोटो काढतो. ट्रिग पॉइंट म्हणतात त्याला. हिंडून हिंडून हे खांब ‘जमवणारे’ छंदिष्ट इथे पुष्कळ आहेत. मीही त्यांच्यातलीच, पण जराशी तिरपागडी. उभ्या खांबांचं मला फारसं कौतुक नाही. जे पडले, गाडले गेले, नकाशावरून पुसले गेले आणि आता फक्त जुन्या याद्यांत उरलेत, त्यांच्या जागा शोधत फिरायला मला आवडतं.

माझ्या सोळा वर्षांच्या मुलाचं म्हणणं असं, की लोक काहीतरी बघायला डोंगर चढतात आणि आई काही नाही ते बघायला चढते. यावर माझ्याकडे उत्तर नाही. तरी कधीमधी तो सोबत येतो, चिप्सच्या बोलीवर.

आम्ही राहतो हडर्सफील्डला, पेनाइन डोंगररांगेच्या कुशीत. आठवडाभर फार्मसीच्या काउंटरमागे उभं राहिल्यावर रविवारी वर मूरवर गेलं की बरं वाटतं. मूर ज्यांनी पाहिली नाही त्यांनी आधी सह्याद्रीचे कडे आणि सुळके डोक्यातून काढून टाकावेत. मैलोन् मैल लांबट, फुगीर पठार. झाड औषधालाही नाही. गुडघाभर हेदरची झुडपं, मे-जूनमध्ये पांढरे पुंजके नाचवणारं कॉटन ग्रास, आणि पायाखाली पीट. हजारो वर्षं पाण्यात अर्धवट कुजत पडलेल्या शेवाळाचा आणि गवताचा हा काळाकुट्ट थर कुठे कुठे पुरुषभर खोल आहे. आमच्या विदर्भातली काळी जमीन पावसाळ्यात जशी पायातली चप्पल ओढून घेते तसाच हा पीट, फक्त बारा महिने.

आता खांबांकडे वळते. ऑर्डनन्स सर्व्हे हे इथलं सरकारी नकाशा खातं, स्थापना १७९१ ची. आधीची मोठी त्रिकोणमापणी (माथ्यामाथ्यांचे त्रिकोण कल्पून, कोन मोजून अंतरं काढायची रीत) १७८० च्या दशकात सुरू होऊन १८५० च्या दशकापर्यंत चालली होती आणि तिच्यावर बेतलेले वेगवेगळ्या परगण्यांचे नकाशे शेजारी शेजारी ठेवले की कडा जुळायच्या नाहीत. म्हणून १९३५ मध्ये ठरलं की सगळ्या ब्रिटनची मोजणी नव्याने करायची. काम आलं मार्टिन हॉटिन या लष्करी अधिकाऱ्याकडे. तोवर रीत अशी, की जमिनीतल्या खुणेवर तिवई उभी करायची, ओळंबा सोडायचा आणि यंत्र बरोबर त्या खुणेच्या डोक्यावर आणायचं. डोंगरावरच्या वाऱ्यात या खटाटोपात किती वेळ जात असेल ते ज्याने ओळंबा धरलाय त्यालाच विचारा. हॉटिनने तिवईच रद्द केली. खांबाच्या माथ्यावर पितळेची चकती बसवली आणि तिला १२० अंशांवर तीन खाचा दिल्या. थिओडोलाइटचे, म्हणजे कोन मोजायच्या दुर्बिणीच्या यंत्राचे, तीन पाय तीन खाचांत गेले की यंत्र दर वेळी त्याच बिंदूवर. पुन्हा जुळवाजुळव नाही.

एप्रिल १९३६ मध्ये नॉर्दम्प्टनशायरातल्या कोल्ड ॲशबीच्या खांबावरून निरीक्षणं सुरू झाली आणि १९६२ मध्ये काम आटोपलं. मध्ये एक महायुद्ध होऊन गेलं. साडेसहा हजारांच्या आसपास खांब उभे राहिले. सिमेंट, वाळू, पाणी सगळं घोड्यांच्या नाहीतर माणसांच्या पाठीवरून वर गेलं. मुख्य खांबांवरची निरीक्षणं रात्री व्हायची, मैलोगणती दूरच्या माथ्यावर ठेवलेल्या दिव्याकडे दुर्बीण लावून. गंमत म्हणजे एवढं नवं काम करूनही त्याची जुन्या कामाशी सांगड घालावीच लागली: आधीच्या मापणीतली ११ ठाणी जशीच्या तशी धरून नवं जाळं त्यांच्यावर बेतलं गेलं.

आज उपग्रह आहेत. खात्याचे शंभरावर स्थिर रिसीव्हर देशभर बसलेत आणि खांब बेकार झालेत. कुणी नांगराखाली गेला, कुणी खाणीत, कुणी घरांच्या वसाहतीखाली. मूरवरच्यांची गत मात्र निराळी आहे.

हा नाद मला लागला त्याला थोडे बाबा कारणीभूत आहेत. ते भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. सगळी नोकरी वर्धा जिल्ह्यात. धुऱ्यावरचा दगड रात्रीतून सरकवणारे, सकाळी मोजणीला ‘हा तं आजोबापासून इथंच हाय’ म्हणून शपथ घेणारे, दोन्ही अंगांनी काठ्या घेऊन उभे राहिलेले सख्खे भाऊ, हे आमच्या घरातलं रोजचं बोलणं. इथे आल्यावर एकदा फोनवर त्यांना या खांबांबद्दल सांगितलं. दुसरा कुणी असता तर ‘बरं बरं’ म्हणून विषय बदलला असता. बाबांनी विचारलं, “पायात खूण टाकते का नाही ते लोक?”

टाकतात. हॉटिनच्या खांबाखाली, पायाच्या तळाशी, आणखी एक खूण असते. वरच्या चकतीच्या केंद्राखाली, ओळंब्यात. उद्या वरचा खांब कुणी पाडला तरी खालून जागा परत काढता यावी म्हणून. म्हणजे खांब हे नुसतं यंत्राचं बूड, खरा बिंदू त्याच्यातून जाणाऱ्या उभ्या रेषेवर. हे ऐकून बाबा खूश झाले. “मंग बरोबर हाय,” म्हणाले. “दगड नेला तं नेऊ दे न.”

शोधायची रीत साधी आहे. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटनचे जुने नकाशे स्कॅन करून इंटरनेटवर फुकट ठेवलेत. आजचा नकाशा आणि जुना नकाशा शेजारी शेजारी उघडता येतो. जुन्यावर मध्ये ठिपका असलेला त्रिकोण दिसतो, आजच्यावर त्याच जागी कोरं, की झालं, रविवारची सोय लागली. ग्रिडचे, म्हणजे नकाशावरची नेमकी जागा सांगणारे, आकडे खात्याच्या जुन्या यादीत मिळतात. फोनमध्ये घालायचे आणि निघायचं. फोन तुम्हाला चार-पाच मीटरांच्या आत नेऊन सोडतो. गुडघाभर हेदरमध्ये चार-पाच मीटर म्हणजे हत्ती लपेल इतकी जागा.

यातली एक जागा सांगते. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण आसपास गोल्डन प्लोव्हर घरटी करतात आणि तिथे वर्दळ वाढवायची मला इच्छा नाही. सोबत मुलगा होता, आणि आमच्या चालण्याच्या गटातले एक आजोबा. आयुष्यभर धरणांच्या देखभालीवर काम केलेले, मूरवरचं पाणी कुठून कुठे जातं ते तोंडपाठ असलेले. आकड्यांनी जिथे नेलं तिथे काहीच नव्हतं. पठार संपलं होतं आणि समोर ग्रफ होती. पाणी पीट कापत कापत खालच्या खडकापर्यंत जाऊन भिडतं, त्या काळ्या अरुंद घळीला इथे ग्रफ म्हणतात. मुलाने वाकून पाहिलं. खांब खाली तळाशी आडवा पडला होता.

बुडावर घसरत आम्ही खाली उतरलो. खांबाची निमुळती बाजू प्रवाहाकडे, अर्धी गाळात. माथ्यावरच्या पितळी चकतीच्या मधलं झाकण गायब, भोकात पाणी आणि त्यात एक मेलेला भुंगा. तीन खाचा मात्र अजून कोऱ्या करकरीत, नख घातलं तर कड लागावी इतक्या. एका अंगाला फ्लश ब्रॅकेट नावाची ओतीव धातूची पट्टी असते, उंची मोजणाऱ्यांसाठी बसवलेली. ती आता सरळ आभाळाकडे तोंड करून होती. ओ एस बी एम अशी चार अक्षरं, सरकारी मालमत्तेचा बाण, मग एस आणि आकडे. शेवटचा आकडा ३ की ८ ते पिटाच्या चिखलामुळे कळेना. मुलाने बाटलीतलं पाणी ओतलं, बाहीने पुसलं. ८ निघाला. यादीत ८ च होता. पोरगा एवढा खूश झाला की काही नसलेलं बघायला आपण आलो होतो हे विसरून गेला.

मला मात्र खांबाचं दुसरं टोक बघायचं होतं. जमिनीखालचा भाग उघडा पडला होता. वरच्या सुबक भागाशी त्याचा काही संबंध वाटू नये असा जाडजूड, ओबडधोबड गोळा. खड्डा खणून त्यात काँक्रीट ओतलेलं, त्यामुळे ज्या पिटात तो ओतला त्याच्या भिंतींचा ठसा अंगावर तसाच. कुदळीचा एक तिरपा फटकाही दिसत होता. फटका मारणारा माणूस आता कुठला असायला, आणि ज्या मातीवर मारला तीही नाही.

आजोबा वर काठावर उभे होते. काठीने हवेत एक जागा दाखवून म्हणाले, “तो इथे होता. पडला नाही हो तो. त्याच्याखालून जमीन निघून गेली.”

मी वर पाहिलं. काठाच्या पलीकडे, माझ्या डोक्याच्याही वर, मोकळ्या हवेत कुठेतरी तो बिंदू होता. पूर्वेकडे इतके मीटर, उत्तरेकडे इतके, समुद्रसपाटीपासून इतके, सगळं दशांशांपर्यंत लिहिलेलं. आकडे अजून बरोबर होते. रात्री बाबांना फोन करून सांगितलं की पायातली खूणही खांबाबरोबर खाली आली. जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “आता तं कागदच.”

जमीन निघून का जाते? मूरचा पीट धरून ठेवते ती स्फॅग्नम नावाची शेवाळ. एकोणिसाव्या शतकात या डोंगरांच्या एका बाजूला मँचेस्टर आणि लँकेशायरच्या कापडगिरण्या, दुसऱ्या बाजूला यॉर्कशायरच्या लोकरीच्या गिरण्या, दक्षिणेला शेफील्डचं पोलाद. सगळ्यांची धुरांडी कोळशावर. ती काजळी आणि ते गंधकाचं आम्ल शंभर-दीडशे वर्षं या पठारावर पडत राहिलं आणि शेवाळ मेली. त्यात मेंढ्यांची चराई, वणवे. उघडा पडलेला पीट थंडीत गोठून फुगतो, उन्हात वाळून उडतो, पावसात वाहतो. खांब बांधले तेव्हा ही झीज आधीच सुरू होती. काँक्रीट जागेवर राहिलं आणि आजूबाजूची मूर उतरत गेली, म्हणून काही जुने खांब आज आपल्या उघड्या पायावर, चौथऱ्यावर ठेवल्यासारखे उभे दिसतात. मूर किती झिजली ते त्यांच्या अंगावरच वाचता येतं.

हे कळल्यापासून माझ्या डोक्यात एक किडा वळवळतोय. मी मूळची हिंगणघाटची. आमच्या गावाच्या नावाने कापूस विकला जायचा. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने तिकडचा कापूस बंद पडला तेव्हा लँकेशायरवाल्यांची नजर मध्य प्रांत-वऱ्हाडाच्या कापसाकडे वळली आणि त्यात हिंगणघाटचा माल नावाजलेला होता. आमच्या शिवारातली अमुक गासडी अमुक धुरांड्याखाली गेली असं काही मी म्हणत नाही. तसा पुरावा कोण ठेवतो? पण त्या घळीत उभी असताना हा हिशोब माझ्या मनात आला, आणि तो सांगायला त्या दोघांपैकी कुणी योग्य वाटलं नाही.

या कापडगिरण्यांच्या पायावरून तर मी नेहमी चालते. पेनाइन वे ही लांब पायवाट मूरवरून जाते. चालणाऱ्यांच्या पायांनी पीट आणखी उखडू नये म्हणून तिच्यावर दगडी फरश्या टाकल्यात, आणि त्यातल्या पुष्कळशा पाडलेल्या गिरण्यांच्या जमिनीच्या. हेलिकॉप्टरने आणून टाकल्या. काही फरश्यांवर यंत्र पक्कं करायची भोकं अजून दिसतात. पाऊस पडला की त्यात पाणी साचतं. पोरं त्यात उड्या मारतात.

याच फरश्यांवरून जाता येतं ब्लॅक हिलला, ५८२ मीटर. इथला खांब शाबूत आहे, पण माझ्या लेखी ती हरवलेल्या खुणेचीच जागा. खांब ज्या टेकाडावर उभा आहे त्याला सोल्जर्स लंप म्हणतात, म्हणजे सैनिकांचा उंचवटा, कारण पहिल्या मोजणीला इथे लष्कराचे सॅपर, म्हणजे अभियंता दलाचे सैनिक, आले होते. १८४१ मध्ये हे टेकाड तपासलं तेव्हा आत लाकडी सांगाडा सापडला. मोठा थिओडोलाइट पिटात खचू नये म्हणून केलेली बैठक. ते यंत्र जेसी रॅम्सडेन या कारागिराचं, वर्तुळ तीन फूट व्यासाचं, वजन दोनशे पौंडांच्या आसपास. रॅम्सडेन जन्मला हॅलिफॅक्सजवळ सॉल्टरहेबलला. म्हणजे आमच्या शेजारच्या गावचाच. मूरच्या चिखलाची त्याला वेगळी ओळख करून द्यायला नको होती.

काही वर्षांपूर्वीपर्यंत हा माथा म्हणजे काळं वाळवंट होतं, असं इथले जुने लोक सांगतात. टेकाड आणि खांब सोडून बाकी नुसता चिखल. २००३ पासून इथल्या मूर सावरायचं मोठं काम सुरू झालं: चुना आणि खत टाकून गवत पेरलं, हेदरच्या काटक्यांचं आच्छादन पसरलं, ग्रफांमध्ये छोटे बांध घातले, स्फॅग्नम परत लावली. उतारांवर पीट धरून ठेवायला तागाची जाळी अंथरली. चक्क ताग! आज ब्लॅक हिल हिरवी आहे. मी उभी राहिले तेव्हा टेकाड नेमकं कुठे सुरू होतं तेच कळत नव्हतं.

विषय निघालाच आहे तर आमच्या गावचं आणखी एक. भारताची महात्रिकोणमिती मापणी १८०२ मध्ये मद्रासला सुरू करणारा विल्यम लॅम्टन हा यॉर्कशायरचा, नॉर्थॲलर्टनजवळच्या क्रॉस्बी ग्रेंजचा. तो वारला २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला, नागपूरकडे जाताना, काम चालू असतानाच. तिथेच त्याची कबर आहे. जगाला नाव माहीत आहे ते त्याच्यानंतर आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टचं. लहानपणी मला दोघांचंही काही माहीत नव्हतं. इथल्या लोकांना सांगितलं की तुमचा लॅम्टन माझ्या गावी पुरलाय, तर ते विचारतात, कोण लॅम्टन?

परत खांबांकडे. सगळीकडे आडवा खांब सापडतो असं नाही. मागच्या हिवाळ्यात एका जागी गेले, तिथे काही म्हणजे काही नव्हतं. हेदरमध्ये गोल गोल फिरत, काठीने टोचत राहिले. कुत्रं घेऊन चाललेले एक गृहस्थ थांबले आणि चावी हरवली का म्हणून विचारलं. खांब हरवलाय म्हटल्यावर त्यांनी जरा निरखून पाहिलं, आणि मग कुत्रं बांधून तेही शोधायला लागले. शेवटी एक गोष्ट दिसली: तपकिरी हेदरच्या मधोमध ताटाएवढा हिरव्या गवताचा तुकडा. पीट आम्लधर्मी. काँक्रीटमधून चुना झिरपला की तेवढ्यापुरतं गवताला फावतं. तिथे काठी खुपसली तर वितीवर खट्ट आवाज आला. आणखी दोन बोटं बाजूला, पुन्हा खट्ट. त्यापुढे गेले नाही. दुसऱ्याच्या मूरवर खणायला आपण कोण? खाली पायाचं काँक्रीट असेल, किंवा खडक. नोंदीत ‘सापडला नाही’ असंच लिहिलं. जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते लिहायचं नाही, हे बाबांचं खात्यातलं वळण.

कुणाला यावंसं वाटलं तर दोन गोष्टी. मार्च ते जुलै पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. तेव्हा वाट सोडून हेदरमध्ये शिरू नका, आणि कुत्रं असेल तर १ मार्च ते ३१ जुलै मोकळ्या रानात त्याला आखूड पट्ट्यावर ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. ऑगस्टच्या मध्यानंतर काही मूरवर ग्राउस पक्ष्यांची शिकार चालते, पाटी वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही. म्हणून माझे महिने ऑक्टोबर ते फेब्रुवारी. दिवस लहान, साडेतीनला अंधारायला लागतं, धुकं आलं की चारी बाजू सारख्या. होकायंत्र आणि कागदी नकाशा हवाच, फोन थंडीत मान टाकतो. मोजे दोन जोड जास्त घ्या. आणि एक लांब, बारीक काठी. जाड काठी पिटात जात नाही.